वयाबरोबर रक्तवाहिन्यांच्या अस्तरात काय बदलते?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरमधील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. जिना चढताना छातीत जडपणा वाटतो म्हणून अँजिओग्राफी केली, पण तीत मोठा अडथळा आढळला नाही. ‘वयामुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडले आहे’ एवढेच सांगून डॉक्टरांनी रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवायला सांगितली. अस्तर बिघडते म्हणजे त्या पेशींत नेमके काय होते, ते पूर्ववत होऊ शकते का, आणि नात्यातल्या एका औषध दुकानदाराने सुचवलेली आर्जिनिनची पाकिटे वडिलांना द्यावीत का, असे तीन मुद्दे त्यांनी मांडले आहेत. पहिला मुद्दा मोठा आहे आणि उरलेल्या दोहोंची उत्तरे त्यातूनच निघतात, म्हणून तो आधी सविस्तर घेतो.

हृदयापासून थेट केशवाहिन्यांपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. त्याला एन्डोथेलियम म्हणतात. केशवाहिनीला तर या थराखेरीज भिंत म्हणावी असे फारसे काही नसतेच. हा थर इतका पातळ आहे की रक्त आणि स्नायूची भिंत यांच्यामधला तो निव्वळ एक पडदा आहे, अशीच समजूत दीर्घकाळ होती. ती मोडली १९८० साली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर अ‍ॅसिटिलकोलिनचा परिणाम तपासत होते. या द्रव्याने धमनी सैल पडायला हवी होती, परंतु काही तुकडे सैल पडत आणि काही उलट आवळत. फरक औषधात नव्हता, तुकडा तयार करण्याच्या पद्धतीत होता. तुकडा कापताना ज्यांची आतली बाजू घासली जाऊन अस्तर खरवडले जाई ते आवळत, आणि ज्यांचे अस्तर शाबूत राही ते सैल पडत. याचा अर्थ स्नायूला सैल होण्याचा निरोप अस्तराकडून जात होता. हा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू, हे पुढल्या सहा-सात वर्षांत सिद्ध झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

वयाचा विषय समजून घ्यायचा तर हा वायू डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. अस्तरातील पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तो तयार करतात. तो जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्या वेळात शेजारच्या स्नायुपेशीत शिरून तिला सैल करतो, रक्तबिंबिका आणि पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू देत नाही, आणि खालच्या स्नायुपेशींची वाढ आटोक्यात ठेवतो. रक्ताचा प्रवाह भिंतीला घासत जातो तेव्हा अस्तराच्या पेशींना ते घर्षण जाणवते आणि त्या जास्त वायू सोडतात. म्हणूनच आपण भराभर चालू लागलो की पायाच्या धमन्या आपोआप रुंदावतात.

हे मोजताही येते. दंडाची धमनी सोनोग्राफीच्या पडद्यावर धरतात, पुढच्या हाताला रक्तदाबाचा पट्टा गच्च आवळून पाच मिनिटे रक्त थांबवतात आणि मग पट्टा एकदम सोडतात. अडलेले रक्त धो-धो वाहू लागते, अस्तराला घर्षण बसते, आणि साधारण मिनिटभरात धमनी रुंदावते. चार मिलिमीटरची धमनी निरोगी तरुणात एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास फुगते. पडद्यावर भिंतीच्या दोन पांढऱ्या रेघा किंचित दूर सरकताना दिसतात, एवढेच. साठीपलीकडच्या, मधुमेह आणि तंबाखू दोन्ही असलेल्या माणसात त्या रेघा पुष्कळदा जागच्या हलतही नाहीत. मात्र त्याच माणसाच्या जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिले, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड बाहेरून पुरवले, की तीच धमनी बऱ्यापैकी रुंदावते. स्नायूला अजून सैल होता येते. त्याला तसे सांगणारा थर गप्प झालेला असतो. वाढत्या वयातला पहिला मोठा बदल हा आहे, आणि तो चरबीचे थर दिसू लागण्याच्या पुष्कळ आधी सुरू झालेला असतो.

हा थर गप्प का होतो, याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. वायू तयार करणाऱ्या विकराला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हे सहद्रव्य लागते. वयाबरोबर पेशीत, विशेषतः तिच्या मायटोकाँड्रियात, सुपरऑक्साइडसारखे जळजळीत अणुगट जास्त तयार होतात आणि हे सहद्रव्य त्यांच्या तडाख्यात सापडून कमी पडू लागते. ते कमी पडले की विकर बंद पडत नाही. तो विकर उलटतो. तोच विकर आता नायट्रिक ऑक्साइडऐवजी स्वतःच सुपरऑक्साइड बाहेर टाकू लागतो. शिवाय जो थोडा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो त्याची सुपरऑक्साइडशी गाठ पडली की दोहोंपासून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी त्रासदायक द्रव्य बनते आणि ते उरलेसुरले सहद्रव्यही नासवते. त्यातच आर्जिनेज नावाचा दुसरा विकर वयाबरोबर शिरजोर होतो आणि आर्जिनिन दुसरीकडे वळवतो. तरुणपणी रक्तवाहिनी सैल करणाऱ्या आणि आवळणाऱ्या द्रव्यांचा तोल सैल होण्याच्या बाजूने झुकलेला असतो. उतारवयात तो एन्डोथेलिनसारख्या आवळणाऱ्या द्रव्यांकडे सरकतो. एन्डोथेलिन हे द्रव्यही अस्तराच्या पेशीच तयार करतात.

दुसरा बदल पेशींच्या विभाजनाचा आहे. निरोगी अस्तरातील पेशी फार क्वचित विभागतात, परंतु जिथे अस्तराला वारंवार इजा होते तिथे शेजारच्या पेशींना पुनःपुन्हा विभागून ती जागा भरून काढावी लागते. माणसाच्या साध्या पेशी अमर्याद विभागू शकत नाहीत, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, थोडी आखूड होतात, आणि एका मर्यादेनंतर पेशी विभाजन कायमचे थांबवते. जळजळीत अणुगटांनी जनुकद्रव्याला इजा झाली तर टेलोमिअर पुरेसे लांब असूनही पेशी याच अवस्थेत जाऊ शकते. अशी वृद्ध पेशी मरत नाही, जागाही सोडत नाही. ती फुगून चपटी होते, नायट्रिक ऑक्साइड कमी देते आणि दाह वाढवणारी द्रव्ये सतत पाझरत राहते, त्यामुळे शेजारच्या तरण्या पेशीही म्हातारपणाकडे ढकलल्या जातात. माणसाच्या हृदयधमन्यांतील चरबीच्या गाठींवरच्या अस्तरात अशा पेशी असल्याचे २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवले.

इथे जागेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, कारण अस्तर सगळीकडे सारखे म्हातारे होत नाही. सरळ धमनीत प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि तिथल्या पेशी पुरात आडव्या झालेल्या धानासारख्या प्रवाहाच्या दिशेने लांबट, ओळीने निजलेल्या दिसतात. त्या निरोगी असतात आणि नायट्रिक ऑक्साइड भरपूर देतात. जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे प्रवाह घुटमळतो, उलटा फिरतो, आणि तिथल्या पेशी बहुकोनी, विस्कटलेल्या आणि विभाजनाने थकलेल्या असतात. म्हणूनच मानेतली धमनी जिथे दुभागते तिथे, हृदयधमन्यांच्या फाट्यांवर आणि पोटातल्या महाधमनीच्या खालच्या टोकाला चरबीच्या गाठी आधी होतात. कोलेस्टेरॉल सगळ्या शरीरात एकच असते, तरी गाठी ठरावीक जागी होतात. एकाच माणसाच्या दोन धमन्यांचे वय वेगवेगळे असू शकते, ते या कारणाने.

तिसरा बदल म्हणजे अस्तर चिकट आणि गळके होणे. तरुण पेशींच्या रक्ताकडील बाजूला शर्करायुक्त रेणूंची एक लव असते. ती वयाबरोबर विरळ होते आणि पेशींच्या पृष्ठभागावर पांढऱ्या पेशींना पकडणारे रेणू उघडे पडतात. रक्त गोठण्यास मदत करणारा व्हॉन विलब्रँड घटक वयाबरोबर रक्तात वाढतो, आणि तोही मुख्यतः याच पेशींच्या साठ्यातून येतो. पेशीपेशींमधले सांधे सैल पडले की मूत्रपिंडातून रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे सांधे एरवी सर्वांत घट्ट असतात, पण तेही उतारवयात थोडे ढिले पडतात. स्मृतिभ्रंशाच्या संदर्भात यावर सध्या बरेच काम चालू आहे. याशिवाय अनेक अवयवांत केशवाहिन्यांची संख्याच घटते.

आता वाचकांच्या वडिलांकडे. अँजिओग्राफीत फक्त मोठ्या धमन्या दिसतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असलेल्या वाहिन्या तीत दिसतच नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळायचे ते मुख्यतः त्याच ठरवतात. त्यांचे अस्तर गप्प झाले असेल तर जिना चढताना त्या पुरेशा उघडत नाहीत आणि छाती जड होते. तेव्हा ‘अडथळा नाही’ याचा अर्थ त्रास मनाचा आहे किंवा गॅसचा आहे असा मुळीच घेऊ नये. घरोघरी तो तसाच घेतला जातो, विशेषतः रुग्ण बाई असेल तर. आणि हा जडपणा बसल्या जागी येऊ लागला, घामासह आला किंवा काही मिनिटांत ओसरला नाही, तर अँजिओग्राफीचा जुना अहवाल शोधत न बसता लगेच रुग्णालय गाठावे.

स्त्री-पुरुषांतला फरक वर आलाच आहे तर तोही सांगतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर सांगितलेली दंडाच्या धमनीची चाचणी निरोगी, तंबाखू न ओढणाऱ्या स्त्री-पुरुषांवर केली गेली. पुरुषांत धमनीचे रुंदावणे चाळिशीनंतर घसरू लागते असे दिसले. स्त्रियांत ते पन्नाशी ओलांडेपर्यंत टिकून राहिले, मात्र त्यानंतर घसरणीचा वेग पुरुषांहून दुप्पट होता. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन अस्तराला सांभाळते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. त्यावरून पाळी गेल्यावर संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या की हृदय वाचेल अशी आशा निर्माण झाली होती. अमेरिकेतील मोठ्या चाचणीने २००२ साली ती फोल ठरवली.

विदर्भात बसून हे लिहिताना इथे बऱ्याच घरांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा उल्लेख टाळता येत नाही. या आजारात तांबड्या पेशी रक्तातच फुटतात, त्यांतले हिमोग्लोबिन मोकळे होते आणि मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकते. इतरांच्या अस्तराला जे साठीत सोसावे लागते त्यातले बरेचसे सिकलसेल असलेल्या मुलांच्या अस्तराला विशीच्या आतच सोसावे लागते. मधुमेहाची वाट वेगळी आहे. रक्तातली साखर वाढली की शरीरातल्या बहुतेक पेशी ती आत घेण्यावर मर्यादा घालतात. अस्तराच्या पेशींना ते जमत नाही, आणि आत साठलेली साखर त्यांच्या मायटोकाँड्रियातून जळजळीत अणुगटांचा लोंढा काढते. दहा वर्षे बेफिकिरीने वागवलेला मधुमेह अस्तराचे वय किती पुढे नेतो, हे डोळ्याच्या पडद्यावरच्या वाहिन्या पाहिल्या की दिसते. शरीरात रक्तवाहिन्या थेट पाहता येतात अशी ती एकच सोयीची जागा आहे.

आणखी एक खूण आहे आणि ती दवाखान्यात कोणी आपणहून सांगत नाही. पुरुषाच्या लिंगाला ताठरता येणे हे मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडवर अवलंबून असते आणि तिथल्या धमन्या हृदयधमन्यांहून बारीक असतात. त्यामुळे अस्तराचा बिघाड तिथे काही वर्षे आधी जाणवतो. पन्नाशीच्या पुरुषाला ही तक्रार नव्याने सुरू झाली तर दुकानातून परस्पर ताठरतेची गोळी आणण्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. तीच गोळी हृदयासाठी नायट्रेट (नायट्रोग्लिसरीनसारखे औषध) घेणाऱ्याने घेतली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो, हेही इथेच सांगणे भाग आहे.

आता दुसरा प्रश्न, हे पूर्ववत होते का. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. महाधमनीच्या भिंतीतले इलॅस्टिनचे लवचिक तंतू बहुतांशी बालपणीच तयार होतात. कोट्यवधी ठोक्यांनंतर ते तुटतात आणि त्यांची जागा कडक कोलॅजेन घेते. त्यामुळेच साठीनंतर वरचा रक्तदाब वाढत जातो, खालचा उतरतो, आणि ठोक्याचा हिसका न मुरता थेट मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोहोचतो. हा कडकपणा फारसा मागे फिरत नाही. त्याचा त्रास कमी करण्याचा मार्ग म्हणजे वरचा रक्तदाब आटोक्यात ठेवणे. ‘या वयात एकशे साठ चालतोच’ असे म्हणणारे नातेवाईक मला दर आठवड्याला भेटतात. ते चुकीचे सांगतात.

अस्तराचे गप्प होणे मात्र बऱ्याच अंशी मागे फिरते. २००० साली अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये झालेल्या अभ्यासात आधी बैठे जीवन जगणाऱ्या, मध्यम व उतारवयाच्या निरोगी पुरुषांना तीन महिने नियमित व्यायाम करायला लावला, आणि तो मुख्यतः चालण्याचाच होता. त्यांच्या हाताच्या रक्तवाहिन्यांचा अ‍ॅसिटिलकोलिनला मिळणारा प्रतिसाद वाढून जवळजवळ तरुणांइतका झाला. चालताना वाढणारा प्रवाह हाच अस्तराचा खुराक आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा परिणाम तितक्या खात्रीने दिसत नाही, तरी त्यांनी चालू नये असे त्यातून निघत नाही. रक्तदाब आणि साखर यांवरचा फायदा त्यांनाही मिळतोच. अंबाझरी तलावाच्या काठाने संथपणे, गप्पा मारत, मध्ये बाकावर बसत केलेला फेरा यात मोजता येणार नाही. श्वास वाढला पाहिजे, पण बोलणे तुटता कामा नये, इतपत वेग हवा. वाचकांच्या वडिलांनी मात्र छातीचा जडपणा कोणत्या वेगाला सुरू होतो ते आधी डॉक्टरांना सांगून मर्यादा ठरवून घ्यावी.

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी कोलेस्टेरॉल तर उतरवतेच, शिवाय अस्तरातील नायट्रिक ऑक्साइडचे उत्पादन वाढवते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः अँजिओटेन्सिन या वाहिन्या आवळणाऱ्या द्रव्याला अडवणाऱ्या, सुपरऑक्साइड कमी करतात. म्हणजे वडिलांना दिलेल्या गोळ्या त्या अस्तराच्याही उपयोगाच्या आहेत, आणि ‘अडथळा नाही, मग गोळ्या कशाला’ असे म्हणून त्या बंद करू नयेत. तंबाखूबद्दल एवढेच, की खर्ऱ्यात धूर नाही म्हणून तो हृदयाला निर्धोक, हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद अस्तराला लागू पडत नाही. चघळलेल्या तंबाखूतले निकोटीनही रक्तातच येते. जेवणाचेही तसेच आहे. सुमारे ५० ग्रॅम चरबीचे एक जेवण घेतल्यावर निरोगी माणसातही धमनीचे रुंदावणे सुमारे चार तास मंदावते, असे १९९७ च्या एका छोट्या प्रयोगात दिसले. तर्रीवर तरंगणारे तेल पाहिले की मला तो प्रयोग आठवतो. महिन्यातून एकदा सावजी खाल्ल्याने कोणाचे अस्तर म्हातारे होत नाही. आठवड्यातून चारदा खाणाऱ्यांशी माझा वाद आहे.

तिसरा प्रश्न आर्जिनिनचा. तर्क मोहक आहे: वायू आर्जिनिनपासून बनतो, मग आर्जिनिन द्या. पण वर पाहिल्याप्रमाणे उतारवयात अडचण मुख्यतः कच्च्या मालाची नसते; विकर उलटलेला असतो आणि आर्जिनेज आर्जिनिन पळवत असतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना आर्जिनिन देण्याची चाचणी २००६ साली अमेरिकेत झाली. त्यात रक्तवाहिन्यांच्या कडकपणात सुधारणा झाली नाही, आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. तुमच्या वडिलांना झटका आलेला नाही, परंतु छातीत जडपणा असलेल्या माणसाने हे पाकीट घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. जळजळीत अणुगट मारण्यासाठी ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचेही मोठ्या चाचण्यांत हृदयविकार टाळण्यासाठी काही फळ मिळाले नाही. वृद्ध पेशी वेचून मारणारी औषधे उंदरांत आशादायक ठरली आहेत, माणसांत ती अजून सुरुवातीच्या चाचण्यांच्या टप्प्यात आहेत; त्यांच्या नावाने बाजारात मिळणाऱ्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालवू नयेत.

एक गोष्ट नागपूरसाठी वेगळी सांगायला हवी. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेतल्या वाहिन्या रुंदावतात, आणि त्यातला एक भाग नायट्रिक ऑक्साइडवर चालतो. उतारवयात तो भाग कमी पडतो, घामही कमी येतो, तहानही उशिरा लागते. पारा ४५ अंशांवर गेला की नातवाला जे सोसते ते आजोबांना सोसत नाही, त्याचे हे एक कारण. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उभे राहताच भोवळ येणे, लघवी गडद होणे या खुणा दिसताच डॉक्टरांना फोन करून मे महिन्यापुरती मात्रा बदलून घ्यावी. स्वतःहून बंद करू नये. वडिलांचे चालणे त्या दिवसांत पहाटेच उरकावे.

अस्तराची खास तपासणी म्हणून जी पॅकेजे विकली जातात त्यांची तुमच्या वडिलांना गरज नाही. दंडाच्या धमनीची चाचणी संशोधनासाठी उत्तम आहे, पण एका माणसाच्या उपचाराचा निर्णय तिच्यावरून बदलत नाही. त्यापेक्षा घरचा रक्तदाब सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लिहून ठेवा, एकदा उभे राहूनही मोजा, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन पाहा, आणि लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासून घ्या. ही शेवटची तपासणी स्वस्त आहे, सकाळच्या एका नमुन्यात होते, आणि मूत्रपिंडाचे अस्तर गळू लागले असेल तर क्रिएटिनिन वाढण्याच्या बरेच आधी ते सांगते. ते गुणोत्तर दोन-तीन वेळा ३० च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) वर आले, तर रक्तदाबाची सध्याची गोळी कोणत्या प्रकारची आहे, अँजिओटेन्सिनला अडवणारी आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.